गाव बांधलं त्या आठवड्यात

सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात सारं जग तापाने फणफणलं होतं, आणि मूल नावाच्या बाजारगावापासून चार कोसांवरच्या एका धानाच्या गावात, एकशिक्षकी शाळेचा गुरुजी असलेला मी, त्या जगावर लक्ष ठेवून होतो. आज लिहिताना माझं मलाच हसू येतं. तेव्हा मात्र ते फार मोठं काम वाटायचं. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेली होती. मुलगी झाल्याचं पत्र आलं होतं, पण मी तिचं तोंड अजून पाहिलं नव्हतं. शाळेला सुट्टी. दुपारी एवढ्या लांब की बोडीच्या, म्हणजे आमच्या गावतळ्याच्या, पाण्यात उभा असलेला बगळा उडायचं विसरून जाई.

नागपूरचं वर्तमानपत्र छोट्या लाईनच्या गाडीने मूलला यायचं. दर रविवारी मी सायकल हाणत जाऊन आठवड्याचे सगळे अंक आणायचो. शाळेच्या पडवीत जगाचा नकाशा टांगला होता. जिथे ताप पोचला तिथे बाभळीचा काटा टोचायचा, आणि त्या देशाने काही इलाज केला की काट्यात निंबाचं पान ओवायचं. सिंगापुरात शाळा बंद केल्या, एक पान. जपानात माणसं तोंडाला फडकं बांधून हिंडतात, आणखी एक. मद्रासच्या बंदरात जहाजावरची आजारी माणसं वेगळी ठेवली, तिथे तर मी दोन पानं लावली. दुपारभर मी त्या निळ्या समुद्राकडे पाहत बसे, आणि हळूहळू वाटू लागे की ही बंदरं, या गोद्या, हे पांढऱ्या कपड्यांतले डॉक्टर सगळे आमच्या बोडीच्या पलीकडेच आहेत. पाळीवर चढलं की दिसतील.

माझा एकच पक्का श्रोता होता, गावचा भुमक. शिवेवरच्या देवांचं करणारा हा गोंड म्हातारा रोज दुपारी पडवीत माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसायचा.

"मंग गुर्जी, ह्या समद्या देशात शाना कोन?" त्याने एकदा विचारलं.

"जो आधी दार लावेल तो."

"मंग आपन काऊन थांबून राह्यलो?"

गाव बांधणं ही त्याच्या वाडवडिलांची रीत. साथ आली की गावाच्या प्रत्येक वाटेवर निंबाच्या डहाळ्या ओवलेला दोर बांधायचा, शिवेवर कोंबडं द्यायचं, आणि दोर सुटेपर्यंत कोणी आत यायचं नाही की बाहेर जायचं नाही. ज्या हाताने दोर बांधला त्याच हाताने तो सोडायचा. मंगळवारी त्याने गाव बांधलं ते पुढच्या मंगळवारपर्यंत. माझी छाती फुगली. म्हटलं, आमचं गाव जपानच्या रांगेत जाऊन बसलं!

दोनच दिवस आधी, रविवारी, मी मूलच्या स्टेशनावर होतो. बाकावर दोघं-तिघं खोकत बसले होते. मी त्यांच्यातच टेकून अंक चाळत होतो, कारण हाँगकाँगात काय झालं ते कळायची मला घाई होती. बुधवारी घसा धरला. मोठ्याने वाचून वाचून बसला असेल म्हणून मी गरम पाणी प्यालो.

गुरुवारी दुपारी शिवेवरून हाक आली. धावत गेलो तर दोराच्या पलीकडे बैलगाडी उभी. माझा मेहुणा बैल धरून होता आणि गाडीत बायको, तिच्या मांडीवर हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं गाठोडं. मला न कळवता ती आली होती. पाटील तिथेच होते. ते म्हणाले, "मास्तरीनबाई हायेत. येऊ द्या."

भुमक दोराला पाठ लावून उभा होता, हातात काठी. "जपानात राजाची गाडी आली तं सोडतीन का, गुर्जी?"

"हे जपान नाही!" मी खेकसलो. माझा राग तसा नाकावरच. "ती माझी मुलगी आहे!"

"तुमीच तं सांगलं, दार लावाव म्हून."

मी त्याला बाजूला सारलं. बायकोने गाठोडं पुढे केलं, मी दोरावरून हात लांबवले. तेवढ्यात मला शिंक आली. पंच्याने नाक पुसून पुन्हा हात पुढे केले, तर मध्ये काठी आडवी. एक एवढीशी मूठ कापडातून बाहेर आलेली मला दिसली. बस, तेवढंच. म्हाताऱ्याला मी नाही नाही ते बोललो. जंगली म्हणालो. तो हलला नाही.

"अवो, भांडू नका," बायको म्हणाली. "इतके देश सांभाळले, आता चार दिवस सोताले सांभाळा." ती हसली, पण गाडी वळली तेव्हा तिने पदर डोळ्यांना लावला होता.

त्या संध्याकाळी मी अंथरूण धरलं. किती दिवस गेले ते कळत नव्हतं. तापात घर बोडीवर तरंगायला लागलं. नकाशातले देश कमळाच्या पानांसारखे आजूबाजूला डुलत होते, आणि प्रत्येकावर एक मूठ उघडत होती, मिटत होती. मी हात लांबवला की पान दूर सरके.

शुद्धीवर आलो तेव्हा गावात घरटी एक माणूस खाटेवर होतं. दोर जसाच्या तसा, फक्त डहाळ्या वाळल्या होत्या. बाहेरून कोणी आलं नव्हतं आणि बाहेर कोणी गेलं नव्हतं. मूलला जाऊन आलेला गावात मी एकटाच होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, तो कोरडा पाषाण मी होतो. लाजेने मी भिंतीकडे तोंड करून पडलो.

मंगळवारी भुमकाला खाटेसकट शिवेवर न्यावं लागलं. तोही तापाने फणफणला होता, पण दोर सोडायला हात त्याचाच हवा. खाटेचा एक पाय मी खांद्यावर घेतला. शिवेवर खाट टेकवली, मी त्याचा हात धरून गाठीपर्यंत नेला आणि त्याच्या कानाशी म्हणालो, "आजोबा, ताप मी आणला. मूलहून."

"मालूम हाये," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "दोरापाशी तुमाले शिंक आली ना, तवाच समजलं. ताप गावात तं आलाच व्हता, गुर्जी. मंग लेकराले काऊन द्याचा?"

गाठ सुटली. तिसऱ्या दिवशी तो गेला. माझी मुलगी त्यानंतर आठवड्याने आली, ठणठणीत, आणि मी तिला प्रथमच छातीशी घेतलं. मी रडलो. बायकोला वाटलं, आनंदाने.