ती शेवटची तेवढी नको

लमुन लग्न होऊन आमच्या कालव्यावर आली तेव्हा तिच्या होडीत एक दगडी खल होता आणि एक नारळाची खवणी. त्याला सेहेचाळीस वर्षं झाली. तिचा धक्का आणि माझा धक्का यांच्यामध्ये एक फळी टाकलेली आहे. मीठ, मिरच्या, भांडणं, सगळं त्या फळीवरून येतं-जातं.

शनिवार-रविवारी शहरातली माणसं खायला म्हणून कालव्यावर येतात. लमुन पाच पातेली होडीत मांडून बसायची. तिचा नवरा सवेंग पाहुण्यांना आपल्या लांब होडीत बसवून कालवाभर फिरवायचा आणि शेवटी बायकोच्या होडीला आणून टेकवायचा. होडीत असेपर्यंत त्याच्या तोंडाचा पट्टा चालू. घरी आला की मुका. कसं झालंय म्हणून विचारलं तर म्हणायचा, "खाण्यासारखं आहे." सेहेचाळीस वर्षांत एवढंच. लमुन म्हणायची, "खांबाशी लग्न केलं असतं तर निदान कपडे तरी वाळत घालता आले असते."

बाजार उठला की पातेल्यात जे उरेल ते सवेंगचं जेवण. आणि उरायची ती बहुतेक वेळा थेफोच. डुकराचं पोटाकडचं मांस, धक्क्याखाली पाण्यात माजते ती नाळीची भाजी, चिंच, गूळ, नारळाचं दूध. चांगली आंबटगोड व्हायची, पण कुणी घ्यायचं नाही. बांगडे संपायचे, हिरवी आमटी संपायची, आणि ही बसलेली.

"बंद करते मी ही थेफो," लमुन दर वर्षी म्हणायची.

"राहू दे एक पातेलं," सवेंग तेवढ्यापुरतं तोंड उघडायचा. "कुणी मागितली तर?"

"कोण मागतंय? तुझा बाप?"

"तो तर कधीच गेला."

"मग?"

"मग राहू दे."

यंदा उन्हाळ्यात सवेंग गेला. होडी धुता धुता खाली बसला, तो उठलाच नाही.

लमुन रडली नाही. देवळात चितेला अग्नी दिला तेव्हा तिनं मला हळूच विचारलं, "ताई, खवलेल्या नारळावर झाकण ठेवलंय ना?" पुढच्या शनिवारी ती पाच पातेली घेऊन बाजारात हजर. कुणी "जेवलीस का?" विचारलं की "जेवले" म्हणायची. सकाळी उठल्या उठल्या विचारलं तरी जेवले. भाताला हात लागलेला नसायचा, ते मला फळीवरून दिसायचं. दिवसभर मिरची कुटली की हात असे होतात की ते जळतायत हेसुद्धा दुसऱ्यानं सांगावं लागतं. तशी झाली होती ती, सगळीच्या सगळी.

मग सवेंगची थोरली बहीण सुदा शहरातून आली. शंभराव्या दिवशी भिक्खूंना जेवण असतं, त्यात गेलेल्या माणसाच्या आवडीचं एक ताट लागतं. ते घातलं की त्याला पोचतं.

"माझ्या भावाला काय आवडायचं ते त्या दिवशी कर," सुदा म्हणाली.

लमुन मिरच्यांचे देठ मोडत राहिली.

"काय करणार आहेस?"

"माहीत नाही."

"म्हणजे? इतकी वर्षं रांधून घातलंस आणि माहीत नाही? कुत्र्याला काय आवडतं तेसुद्धा माणसाला चार दिवसांत कळतं!"

"कुत्रा शेपूट हलवतो, वन्सं," लमुन म्हणाली.

सुदा रागानं निघून गेली. लमुननं मला विचारलं. मी म्हटलं, बांगडे असतील. तिची धाकटी जाऊ म्हणाली, केळफुलाची भाजी. देवळातला झाडूवाला म्हणाला, सुकी मासळी. मी तिला सांगितलं, "काहीतरी एक कर आणि मोकळी हो. कोण बघायला येतंय?"

"भलतंच घातलं तर त्याला भलतंच पोचेल," ती म्हणाली. "तिथंही तो म्हणेल, खाण्यासारखं आहे."

शंभरावा दिवस सोमवारी होता. त्याच्या आदल्या शनिवारी मी माझ्या नारळाच्या वड्या घेऊन तिच्या शेजारी होडीत होते. सवेंगची होडी इतके दिवस बांधून होती; त्या दिवशी पहिल्यांदाच आमच्या शेजारचा नोप तीतून पाहुणे घेऊन आला. पन्नाशीचा आहे, आधी सवेंगच्याच होडीवर मदतीला असायचा, पण बोलायला लाजतो. दहा वाजले नसतील, थेफोचं पातेलं रिकामं झालं. लमुन डाव घेऊन त्यात बघत राहिली. डाव तळाला लागला त्याचा आवाजही तिला नवा होता.

"नोप, तू लोकांना काय सांगितलंस?"

"मी? मी काही नाही सांगितलं, मावशी. मला कुठं काकांसारखं बोलता येतं? जे दिसेल ते खा म्हणतो."

"काका काय सांगायचे?"

नोप वल्ह्याची दोरी सोडून पुन्हा बांधायला लागला. "जाऊ दे ना."

"सांग, नाहीतर आज तुला जेवण नाही."

"ते म्हणायचे, बांगडे घ्या, हिरवी आमटी घ्या. ती शेवटची तेवढी नको. पोट धरून बसाल, आणि या होडीत संडास नाही."

"रोज?"

"रोज. एका बाईनं तरीपण मागितली, तर ते म्हणाले, परवा त्यात पाल पडली होती."

मला हसू फुटलं. लमुनच्या तोंडावरची सुरकुती हलली नाही. डाव पातेल्यात ठेवून म्हणाली, "एक वाटी बाजूला काढून ठेव म्हटलं असतं, तर काय जीभ झडली असती?"

मग नवीनच घोर लागला. तो खायचा ती थेफो ताजी नसायची. दिवसभर होडीतल्या चुलीवर रटरटून भाजी काळी पडलेली, मांस मेणासारखं झालेलं, तेल वर आलेलं. पण उरलेलं भिक्खूंना चालत नाही. कुणी एक घास घेतला तरी ते उष्टं.

"कुणी शिवलंच नाही तर ते उरलेलं कसं?" तिनं मला विचारलं.

रविवारी तिनं पहाटे थेफो केली. चवही बघितली नाही. पातेलं नेहमीच्या जागी, शेवटी ठेवलं. ऊन, धूर, होडीचं हिंदकळणं, सगळं व्हायला हवं होतं. अकराच्या सुमारास नोपनं पाहुणे आणले. एका जाड्या गृहस्थानं वास घेतला आणि बरोबर त्याच पातेल्याकडे बोट केलं.

"ती शेवटची तेवढी नको," लमुन म्हणाली. "पोट धरून बसाल. तुमच्या होडीत संडास नाही."

नोप दुसऱ्या काठाकडे बघत राहिला.

सोमवारी ताट मांडलं तेव्हा सुदानं काळपट भाजीकडे बघून नाक मुरडलं. "हे आवडायचं त्याला? कोण म्हणालं?"

"तोच म्हणायचा."

"तुला?"

"मला नाही. लोकांना."

भिक्खू जेवले, मंत्र झाले. पुण्य त्याला पोचावं म्हणून लमुननं चिंचेच्या बुंध्याशी पाणी सोडलं. भांडं रिकामं झालं तरी ते तसंच वाकडं धरून बसली होती. मी ते तिच्या हातातून घेतलं.

"जेवलीस का?" मी विचारलं. सवयीनंच.

"नाही," ती म्हणाली.

पातेल्यात तळाला थोडी थेफो होती. मी भात आणायला उठले.