निशाणी नांगराची

"नवरा मेला माहा, मी नाही मेली!" कचेरीची पायरी चढताना ती हे म्हणायचीच. कोणी विचारो न विचारो.

मी तेव्हा अमरावतीच्या कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. विलायतेत कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि काळ्या जमिनीपायी भावाभावांत डोकी फुटत होती. हिचा नवरा वारला, तेव्हा कधीच वेगळ्या झालेल्या दिराला एकाएकी भावजयीची काळजी वाटू लागली. "बाईमाणसाले वावर कायले?" असं म्हणत त्याने तिच्या नवऱ्याच्या वाटणीच्या शेतावर हक्क सांगितला. तिला मूलबाळ नव्हतं. वावर गेलं असतं, तर जन्मभर दिराच्या ओसरीवर भाकरीची वाट पाहणं आलं.

वकील शोधायला मीही तिच्याबरोबर हिंडलो. अमरावतीचे वकील कापसाच्या दलालांच्या भांडणांत गुंतलेले. एकाने तर तिच्याकडे न बघताच मला सांगितलं, "घरातला पुरुष घेऊन यायला सांगा."

"पुरुष असता तं तुह्याकडं कायले आली असती?" असं सुनावून ती चालूही लागली. वकिलाला एकेरी! मी वकिलाची माफी मागून तिच्यामागे धावलो. पण खोटं कशाला बोलू, आतून मी खूशच झालो.

शेवटी कापसाच्या गाडीवर बसून आम्ही अकोला गाठलं. तिथे एक वृद्ध मुसलमान वकील होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बेटी, तुह्या पाठीशी कोन हाये?"

"मीच हावो, चाचा."

"मंग बस झालं," ते हसले. मला म्हणाले, "लिहा वकीलपत्र."

मी लिहिलं. राहिली निशाणी. तुम्हाला ठाऊकच आहे, सही न येणारा शेतकरी कागदावर नांगर काढतो आणि बाई बांगडी. मी बोरू पुढे केला. "बांगडी काढा."

तिने मोकळं मनगट माझ्या नाकासमोर धरलं. "बांगड्या फुटल्या, भाऊ. वावर मीच वाहून राहिली. माही निशाणी नांगर!"

"असा रिवाज नाही हो."

"पडन मंग आता."

मी वैतागलो. वकीलसाहेब मात्र म्हणाले, "काढू द्या." तिने वाकडातिकडा नांगर काढला, आणि पुढे प्रत्येक कागदावर तोच.

सुनावणीत दिराने मोठ्या तोऱ्यात एक कागद काढला. दावा लागल्यावर भावजयीने राजीखुशीने वावर सोडलं, असा मजकूर. खाली सुबक बांगडी.

वकीलसाहेबांनी तिचे सगळे कागद हाकिमापुढे मांडले. "हुजूर, ही बाई बांगडी काढतच नाही."

"साऱ्या बाया बांगडीच काढतेत!" दीर ओरडला.

"म्हनूनच तुमी फसले," वकीलसाहेब म्हणाले.

वावर तिचंच राहिलं. मरेपर्यंत तिने ते स्वतः नांगरलं, वाहिलं.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा त्याच दिराची विधवा माझ्याकडे अर्ज लिहायला आली. तिचे पोटचे पोरगेच वावर मागत होते. मी अर्ज लिहिला, बोरू पुढे केला. "बांगडी काढा" म्हणणं मी केव्हाच सोडलं आहे.

"निशाणी कशाची?" मी विचारलं.

म्हातारीने बोरू हातात घेतला. तिने सावकाश नांगर काढला.

"जावेनं शिकोला," ती म्हणाली.