परग्रहावरचा पिच्चर

काल लेकीने मोबाइलवर परग्रहावरचा एक जुना सिनेमा लावला. म्हणाली, "बाबा, आपटलेला पिच्चर होता, आता सारे याले थोर म्हणून राहिले." मला एकदम भंडाऱ्याच्या टॉकीजमधल्या भाजलेल्या शेंगांचा वास आला. लग्नानंतरचा आमचा पहिला सिनेमा हाच. मूळ कादंबरी मी वाचलेली, म्हणून बायकोला अड्याळहून एसटीने मोठ्या ऐटीत नेलं. मध्यंतरातच निम्मी टॉकीज रिकामी झाली. तेव्हापासून घरात माझी निवड कोणी विचारत नाही, खिडकीच्या पडद्याच्या कापडाचीसुद्धा नाही. टोमणे ऐकून ऐकून वीट आला.

काल मात्र बायको शेवटपर्यंत हलली नाही. मी वैतागून विचारलं, "मंग तवा काहून नाही आवडला?"

"तवा पाहू कुठी दिला तुम्ही? कानाशी सारी कादंबरी सांगून राहिले होते."