उजवी पाकळी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ज्या देवीपुढे उभं आयुष्य घंटा वाजवली, तिलाही तोंड उघडून सांगितलेलं नाही — तिला सांगायची गरज नव्हती म्हणा, ती तिथेच होती. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या तुम्ही देवळात येऊन माझ्या हातून अंगारा घेणार नाही.

मी गुरव. सावर्ड्याहून आत गेलं की आमचं गाव लागतं. ग्रामदेवीची पूजा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडे. वडील गेले आणि ती माझ्या गळ्यात पडली. पूजेबरोबर कौल लावण्याचं कामही आलं. कोकणाबाहेरच्या माणसाला कौल म्हटलं की छपरावरची कौलं आठवतात, म्हणून सांगून टाकतो. आमची देवी म्हणजे मूर्ती नाही, काळा पाषाण आहे. तिला आंघोळ घालायची, पुसायचं आणि दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक ओली पाकळी चिकटवायची. ज्याला विचारायचं असेल त्याचं विचारणं गुरव गाऱ्हाण्यात घालून देवीपुढे मांडतो. मग सगळे पाकळ्यांकडे बघत गप्प बसतात. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तोवर कुणी हलत नाही, खोकला आला तरी दाबून धरतात.

ही गोष्ट गिरण्यांचा संप लांबत गेला त्या वर्षांतली. मुंबईहून एकेक जण वळकटी घेऊन परत येत होता. ज्या घरात मनिऑर्डरची वाट बघायची, त्या घरात आता मनिऑर्डर करणाराच येऊन बसला होता. आणि ही सगळी माणसं सल्ला कुणाला विचारणार? गावकर, म्हणजे गावचा पहिल्या मानाचा माणूस, म्हणायचा, देवीला विचारा. मास्तर म्हणायचे, अर्ज करा — पण कुठे करा, ते त्यांनाही माहीत नसायचं. मग माणसं माझ्याकडे यायची. पुन्हा मुंबईला जाऊ का? बायकोचे दागिने मोडू का? भावाची पोरं सांभाळू की माझी? मी ऐकून घ्यायचो, मान हलवायचो. खरं सांगू — मला ते दिवस आवडले. वाईट दिवस होते, आणि मला आवडले. ज्यांनी मला कधी बसायला पाट दिला नव्हता, ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

आता दत्तारामाचं सांगतो. नाही — आधी शिमग्याचं सांगायला हवं. सबब म्हणून नाही सांगत. पण ते गाळलं तर तुम्हाला वाटेल की हा माणूस वेडा होता. मी वेडा नव्हतो, मी पूर्ण शुद्धीवर होतो.

दत्ताराम आणि मी एका वर्गातले. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागला आणि मी देवळात राहिलो. शिमग्याला तो यायचा तो पॉलिस्टरचा शर्ट आणि घड्याळ घालून. एका वर्षी पालखी सहाणेवर, तिच्या ओट्यावर, बसली होती, सगळा गाव गोळा झाला होता, आणि मी त्याला हळूच म्हटलं की दत्ता, मलाही तुझ्याकडे कुठेतरी चिकटव. हळू म्हटलं होतं मी. तो मात्र हळू बोलणाऱ्यांतला नव्हता.

"जग्या, तुला कशाला रं मुंबय? तुज्या हाताला खोबऱ्याची सवय. मशीन तुला झेपायची नाय."

देवीपुढे फुटलेल्या नारळाची एक वाटी गुरवाची असते, त्यावरून हे. सगळे हसले. पोरं हसली, बाया हसल्या, गावकर तर डोळे पुसत हसला. दत्ताराम दुष्टपणाने बोलला नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्याने माझ्या पाठीवर थापसुद्धा मारली. पण त्या दिवसापासून गावात माझं नाव खोबऱ्या पडलं. आजही म्हाताऱ्या माणसांत तेच चालतं. बारशाला गेलो, खोबऱ्या आला. मयताला गेलो, खोबऱ्या आला. मी हसून दाखवायचो आणि मनात दत्तारामाचं नाव घ्यायचो.

संपात तो परत आला तेव्हा घड्याळ नव्हतं. घरी आई अर्धांगाने एका अंगावर पडलेली, बायको सुनंदा, दोन मुली आणि पावसापुरता पिकणारा भाताचा तुकडा. म्हातारी लेकाने भरवलं तरच खायची, सुनेच्या हातून तोंड फिरवायची. तसे काही महिने गेले. मग ठाण्याहून त्याच्या मामेभावाचा निरोप आला. औषधांच्या कंपनीत पॅकिंगला माणूस हवा होता, काम कायमचं होतं, त्याने दत्तारामासाठी शब्द टाकला होता. आठवड्याच्या आत तिथे जाऊन उभं राहायचं होतं. सुनंदा म्हणाली, जा, म्हातारीचं मी बघते, भूक लागली की माझ्या हातचं खातील. म्हातारी बोलू शकत नव्हती, नुसती लेकाचा हात धरून ठेवायची. दत्ताराम दोघींच्या मधे अडकला आणि माझ्याकडे आला.

पायरीवर बसला. म्हणाला, "जग्या, माज्या डोक्याला आता काय सुदरत नाय. देवी म्हणंल तसा करीन. जा म्हणली तर जाईन, ऱ्हा म्हणली तर ऱ्हाईन."

तुम्ही कधी कुणाला असं हातात धरलंय का? पुरतं, मुठीत? मला गुदगुल्या झाल्या — दुसरा शब्द नाही. मी त्याला मंगळवारी सकाळी ये म्हणून सांगितलं, आणि मंगळवारपर्यंत मला जेवण फार गोड लागलं.

मंगळवारी गावकर आला, चारपाच मानकरी आले. दत्ताराम आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून उभा राहिला. सुनंदा मुलींना घेऊन सभामंडपात खांबाशी होती. आमचा गाभारा अरुंद, एक माणूस उभा राहिला की देवी झाकते. मी पाकळ्या लावल्या. डावी नुसती टेकवली. उजवी लावली आणि तिच्यावर अंगठा दाबून धरला, चांगला जोर देऊन. ओली पाकळी अशी दाबली की पाषाणाला धरून राहते, हे मला लहानपणापासून माहीत होतं. वडिलांनी हेच करू नकोस म्हणून बजावलं होतं. आमच्या भावकीत असं कुणी केलेलं मला माहीत नाही. मी केलं.

गाऱ्हाणं घातलं. आई, तुझं लेकरू कामधंद्यासाठी परमुलखात जायचं म्हणतंय, पाठीमागं जन्मदाती अंथरुणाला खिळलीय, काय ती वाट दाखव. मागून सगळ्यांनी हात जोडून, डोळे मिटून 'व्हय म्हाराजा' म्हटलं. मी बाजूला झालो तेव्हा उजवी पाकळी खांद्यावर होती आणि डावी खाली होती.

दत्तारामाने वाकून नमस्कार केला. त्याचा चेहरा उतरला होता, पण त्यात सुटकाही होती. आता ठरवायचं ओझं त्याच्यावर नव्हतं. सुनंदा मात्र पाकळीकडे बघत नव्हती, माझ्या हातांकडे बघत होती.

ठाण्याची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. दत्ताराम चिरेखाणीवर जायला लागला. साच्यावर धागे जोडणारा माणूस तो, तिथे तांबडे चिरे उचलून ट्रक भरायचा. संध्याकाळी देवळावरून जायचा तो केसांपासून नखांपर्यंत तांबडा. मला हात करायचा. मीही हात करायचो.

मग एका दुपारी सुनंदा एकटी आली. देवळात कुणी नव्हतं. नारळ नाही, फूल नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने विचारलं, "भावजी, त्या दिशी देवी बोल्ली का तुमी?"

तेव्हा सांगता आलं असतं. निदान गप्प बसता आलं असतं. मी काय केलं? मी गाभाऱ्यातून बाहेर आलो, सावकाश हात पुसले आणि तिला म्हणालो, "वयनी, देवीवर संशय घेतलात. आता घरातल्या माणसांना जपा."

ती पांढरी पडली. दोन मुली होत्या तिला, तिने पहिल्यांदा त्यांचाच विचार केला असणार. पदर ओढून घेऊन जवळजवळ पळतच गेली. आणि मी? मी समाधानाने आत जाऊन समई सारखी केली. प्रश्न मिटला होता.

पावसाळा संपायच्या आत म्हातारी गेली. अर्धांगाची म्हातारी ती, जायचीच होती, डॉक्टरने आधीच सांगून ठेवलं होतं. पण सुनंदाला ते कोण सांगणार? तिने अंगाला लावून घेतलं. तेरावं झालं तरी धड खाईना, मुलींना नजरेआड करीना. शेवटी तिने नवऱ्यापाशी तोंड उघडलं — मी संशय घेतला, माझ्यामुळे सासूबाई गेल्या. दत्ताराम तिच्यावर ओरडला नाही. तिला घेऊन माझ्याकडे आला आणि यातून मार्ग काय म्हणून विचारलं. पुन्हा सल्ला मलाच.

मार्ग मी काढला. असा काही नेम आमच्या देवळात नाही, कधी नव्हता. तो मी जागच्या जागी बसून रचला. गाव जमवून चूक कबूल करायची, ओलेत्याने देवळाला फेरे घालायचे, देवीला नारळ द्यायचा. ओलेत्याने कशाला? त्याने काय होणार होतं? काही नाही. मला बघायचं होतं.

ती विहिरीवरून भिजून आली. हवेत गारठा होता. सगळा गाव उभा. लुगडं अंगाला चिकटलेलं, तरुण पोरांनी माना फिरवल्या, तेवढी लाज त्यांना होती. फेरे झाले. मी गाभाऱ्यातून म्हणालो की मोठ्याने सांगा, देवीला ऐकू जायला हवं.

"चुकला माजा," ती म्हणाली. "मी देवीवर संशय घेतला. आई गेल्या त्या माज्यामुळं."

मोठी मुलगी रडायला लागली. गावकर म्हणाला की व्हय म्हाराजा. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा.

इथे थांबायला हवं होतं मी. तुम्हाला वाटलं असेल की हेच ते सांगायचं होतं. पण मघाशी मी एक गोष्ट वगळली. खोटं नाही बोललो, नुसती वगळली. बाजूला झालो तेव्हा उजवी वर होती आणि डावी खाली होती, असं मी सांगितलं. ते खरं आहे. पण त्याच्या आधी — गाऱ्हाणं चालू होतं, माझी पाठ लोकांकडे, त्यांचे डोळे मिटलेले — उजवी पाकळी पडली होती. इतकी दाबून लावलेली पाकळी गाऱ्हाणं संपायच्या आत सुटली आणि माझ्या पायाशी पडली. डावी नुसती टेकवलेली, ती जागची हललीसुद्धा नव्हती. देवी म्हणाली होती की जा.

मी वाकलो, गाऱ्हाणं न थांबवता. पाकळी उचलली, तांब्यात बुडवली, पुन्हा खांद्यावर दाबली. मग डावी नखाने खरवडून पाडली आणि बाजूला झालो. पुरुष म्हणून, गुरव म्हणून, देवीचा म्हणून जो काही मी होतो, त्याने हे केलं. भीती वाटली का? वाटली, घटकाभर. मग दत्तारामाचा उतरलेला चेहरा बघितला आणि ती गेली.

दत्ताराम पुन्हा मुंबईला गेला नाही. म्हातारी गेल्यावर सुनंदाने एकदा विषय काढला होता म्हणतात, तर तो म्हणाला की देवी नाय म्हणलीय. खाणीवरच राहिला. पुढे पाठीतून मोडला, खोकल्याने गेला. शेवटपर्यंत गावात सांगायचा की मी देवीचा शब्द मोडला नाही, आणि तिच्या कृपेने पोरी उपाशी झोपल्या नाहीत. त्याच्या दुखण्यात देवीपुढे गाऱ्हाणंही मीच घातलं. सुनंदा आहे अजून. सणावाराला देवळात येते, पण त्या फेऱ्यांच्या दिवसापासून उंबरा ओलांडत नाही. बाहेर उभी राहते, हात जोडते, आणि मुलीकडून प्रसाद मागवून घेते. तिला वाटतं की तिची आत यायची लायकी नाही. मी आत असतो, रोज.

तिला सांगणार आहे का? नाही.

त्या दिवशी फेरे झाल्यावर तिने नारळ माझ्याकडे दिला होता. मी तो देवीपुढे फोडला, एक वाटी तिच्या ओटीत घातली आणि एक, रिवाजाप्रमाणे, घरी आणली. बायकोने खवून आमटीत घातली. खोबरं जून होतं, गोड होतं. मी भात पुन्हा मागून घेतला.