हिरडीच्या रंगाचं विमान

माझे सासरे कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवत आणि घराच्या मागच्या खोलीत सासरे त्या मापावर मेण चढवत, दात बसवत, साच्यात घालून उकळत, मग घासून चकचकीत करत. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," असं ते म्हणायचे, "माझं तर भरलं, वर लेकीचं लग्नही झालं." हा विनोद मी जावई म्हणून पहिल्यांदा त्यांच्याकडे राहायला गेलो तेव्हा ऐकला. त्याच मुक्कामात त्या घराची एक रीतही पाहिली.

आम्ही दुपारी जेवत होतो. घरावरून विमान चाललं होतं, अगदी खालून. सासूबाई ताटावरून उठल्या आणि त्यांनी मोरीतला नळ पूर्ण सोडला. खाली बादली नव्हती, भांडं नव्हतं. विमानाचा आवाज विरला तशी त्यांनी नळ बंद केला आणि येऊन घास उचलला. सासरे ताटाकडे बघत जेवत राहिले.

बायकोनं मला नंतर सगळं सांगितलं. सासऱ्यांना दोन बहिणी. थोरली ताई, शाळेत शिकवायची, लग्न केलं नाही. धाकटी हवाई सुंदरी झाली. वडिलांना ती नोकरी मुळीच पसंत नव्हती. लोकांच्या पुढ्यात ट्रे घेऊन उभं राहायला का शिकवलं, म्हणत त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं. ती घरी येई, आईला भेटे, भावाची खोडी काढे आणि वडील कामावरून परतायच्या आत निघून जाई. मग एका पहाटे धुक्यात तिचं विमान धावपट्टीच्या अलीकडे समुद्रात उतरलं. काही माणसं सापडली. ती सापडली नाही. चोवीस वर्षांची होती.

त्या दिवसापासून घरात विमान हा शब्द बंद झाला. वडिलांनी तिचे फोटो ट्रंकेत घातले. आईला वरून जाणारा आवाज सोसेना, म्हणून ती नळ सोडायची. वडील गेले. आई नव्वदी गाठून गेली. जाताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर ही सवयही तिनं सुनेच्या हाती दिली असावी, कारण सासूबाईंनी तर त्या नणंदेला पाहिलंसुद्धा नव्हतं.

पुढे आम्ही समुद्रापलीकडे दुसऱ्या देशात राहायला गेलो. मुलगी झाली तेव्हा सासूबाई एकट्याच आल्या. सासऱ्यांचं कारण ठरलेलं, "कवळ्यांची कामं तुंबलीत. लोक बिचारे पेज पिऊन बसलेत, त्यांना सोडून कसा येऊ?" आम्ही फार आग्रह केला नाही. पण पोरीला कुठे असलं काही कळतं. चार वर्षांची झाल्यावर तिनं एकदा फोनवर सरळ विचारलं, "आजोबा, तुमचे पाय दुखतात का?"

"नाही गं."

"मग तुम्ही येत का नाही?"

सासऱ्यांनी फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि ते मागच्या खोलीत गेले.

पंधरवड्याने सासूबाईंचा फोन आला. आवाज दबका. "अहो, तुमचे सासरे विमान करताहेत."

"विमान?"

"लाकूड तासताहेत. तिचंच. चार इंजिनांचं ते जुनं. मला तर काही सुचेनासं झालंय. घरात कशाला ते? मी विचारलं तर म्हणतात, ज्यानं तिला नेलं ते मला एकदा हातात धरून बघायचंय."

त्याच वर्षी मला कामानिमित्त तिकडे महिनाभर राहावं लागलं, म्हणून पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मागच्या खोलीत कवळ्यांची जागा विमानानं घेतली होती. भिंतीवर आराखडा चिकटवलेला होता, खऱ्याच्या बहात्तराव्या भागाचा. सासऱ्यांना कवळीचीच विद्या येत होती, तेव्हा विमानही त्याच वाटेनं चाललं होतं. आधी लाकडाचं धड घडवलं, त्यावर प्लास्टर ओतून साचा काढला, साच्यात कवळीची भुकटी मळून दाबली आणि सासूबाईंच्या सगळ्यांत मोठ्या पातेल्यात उकळत ठेवली. साचा फोडला तेव्हा मी तिथेच होतो. आतून धडाच्या दोन बाजूंची लांबट पाती निघाली, नितळ, पातळ, आणि हिरडीसारखी गुलाबी. त्यांच्याकडे दुसऱ्या रंगाची भुकटीच नव्हती.

सासूबाई दारात उभ्या होत्या. इतके दिवस त्या खोलीकडे फिरकल्या नव्हत्या. बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "विमानाला हिरड्या आल्या की हो."

सासरे हसले. अगदी खांदे हलेपर्यंत हसले. त्या घरात विमानावरून कुणी हसल्याचं ते पहिलंच. मग हसू ओसरलं आणि ते खुर्चीवर बसून बराच वेळ ती गुलाबी पाती हातात फिरवत राहिले.

त्यानंतर सासूबाई रोज खोलीत चहा आणून देऊ लागल्या. खिडक्या पाडायचं काम मोठं नाजूक. दाताला लावतात तसल्या बारीक टोकाच्या यंत्रानं सासरे एकेक खिडकी कोरत. श्वास रोखून कोरत, सोडून पुढे सरकत. एकदा टोक घसरलं आणि दोन खिडक्यांची एक झाली. ती त्यांनी मेण भरून बुजवली, दुसऱ्या दिवशी नव्यानं पाडली. पंख मागे झुकलेले हवेत, तेही दोन्हीकडे सारखे. दोन्ही जबडे मिळतात की नाही ते ज्या यंत्रावर बघतात, त्यावरच त्यांनी पंखांचा मेळ बसवला. इंजिनं मात्र लाकडाची, पंखाखाली टांगलेली. पोटाला पातळ चंदेरी पत्रा, वर पांढरा रंग. दोन हात दिल्यावर गुलाबीचा मागमूस राहिला नाही.

अडलं ते पट्ट्यापाशी. खिडक्यांच्या रांगेवरून नाकापासून शेपटीपर्यंत जाणारा कंपनीचा रंगीत पट्टा. ती कंपनी कधीच बंद पडलेली. मी इंटरनेटवर खूप शोधलं, मिळाले ते फोटो कृष्णधवल. सासरे म्हणाले, "निळाच असेल. आभाळातल्या गोष्टींना लोक निळाच देतात." आणि त्यांनी निळा लावला.

रविवारी ताई आल्या. वय झालेलं, काठी आलेली, पण शाळेतला ताठा तसाच. त्यांना यातलं काही सांगितलेलं नव्हतं. सासऱ्यांचा इरादा त्या यायच्या आत खोलीला कडी घालायचा होता, पण त्या नेहमीपेक्षा लवकर आल्या आणि "कुठे आहेस रे?" करत सरळ मागेच गेल्या.

आम्ही दोघं टेबलाशी होतो. विमान मध्ये, उघडं. ताई काठीवर भार देऊन उभ्या राहिल्या. सासऱ्यांचा चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा झाला. मला वाटलं, आता बाई कोसळणार.

"पट्टा निळा नव्हता," ताई म्हणाल्या.

"काय?"

"निळा नव्हता. लाल होता, गडद. तिच्या गळ्यातल्या रुमालासारखा. आणि रुंद होता, खिडक्या त्याच्या आत यायच्या."

"तुला कसं माहीत, ताई?"

"मी बसले होते त्यात."

मी खुर्ची पुढे केली. त्या बसल्या. काठी आडवी मांडीवर ठेवली.

"आठवतं, मी शिक्षकांच्या शिबिराला गेले होते? चार दिवस? शिबिर कसलं आलंय. तिनं माझं तिकीट काढलं होतं. म्हणाली, ताई, या घरातल्या एका तरी माणसानं बघायला हवं मी काय करते ते."

सासरे खाली बसले नाहीत. टेबलाची कड धरून उभेच होते.

"दारात उभी होती. प्रत्येकाला या म्हणत होती. मला बघितलं आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलू न देता म्हणाली, या मॅडम, आपली जागा पंखाजवळ. मॅडम! आदल्याच दुपारी माझ्या वेणीत कुसळं घालणारी ही. मग सरबत घेऊन आली, पेला देताना माझ्या हाताला चिमटा काढला आणि पुढच्या माणसाकडे गेली. एका म्हाताऱ्याला भीती वाटत होती. त्याच्याजवळ उकिडवी बसून तिनं त्याच्याकडून त्याच्या म्हशींची नावं वदवून घेतली. विमान वर गेलं तरी त्याला पत्ता नाही. फार छान करायची रे ती. मी इतकी वर्षं पोरांना शिकवलं, पण कामात इतकं रमलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही."

"आणि तू मला आज सांगतेस?"

"कुणाला सांगणार? बाबांना? आईला? ती गेल्यावर तर मलाच वाटायला लागलं, मी जाऊन कौतुक केलं नसतं तर कंटाळून सोडली असती तिनं नोकरी. तेव्हा ताकास तूर लागू दिली नाही. नंतर तोंडच उघडेना."

सासरे ताईंपुढे जमिनीवर बसले आणि थोरल्या बहिणीच्या गुडघ्यावर त्यांनी कपाळ टेकलं. "नसती सोडली," एवढंच म्हणाले. "तिनं नसती सोडली, ताई." मी बाहेर आलो. सासूबाई पाठमोऱ्या उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी निळा पट्टा खरवडून निघाला. ताई रोज यायला लागल्या. लाल रंगात काळा मिसळताना त्या शेजारी बसून "अजून, अजून, हां, पुरे" म्हणत. पुढचं दार बंद दाखवलं होतं, ते त्यांनी उघडं करायला लावलं. दारात माणूस ठेवायचा का, असं मी विचारलं तर दोघं एकदम "नको" म्हणाले.

शेवटी राहिली शेपटीजवळची नोंदणीची अक्षरं. सासूबाईंचं म्हणणं, कुठलीही घाला, पण त्या विमानाची नकोत. घरात बुडालेलं विमान ठेवायचं म्हणजे काय? सासऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अगं, दुसरं घातलं तर ती यात नसेल," ते म्हणाले. ती अक्षरं त्यांना तोंडपाठ होती. एकाच केसाच्या कुंचल्यानं त्यांनी ती लिहिली. नंतर कुंचला धुवायला मात्र त्यांना जमेना, तो मी धुतला.

विमान ताईंकडे गेलं. त्यांनीच मागितलं. कपाटावर काचेच्या पेटीत असतं, आणि शेजारी ट्रंकेतून काढलेला धाकटीचा फोटो. घरी कोण आलं, कोण गेलं, प्रत्येकाला ताई धाकटीची गोष्ट सांगतात. दूधवाल्यानं चारदा ऐकलीय म्हणे.

सासऱ्यांची भीती विमान करून गेली, असं मी म्हणणार नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले. सासूबाई सांगतात, विमान सुटलं तेव्हा सासऱ्यांनी त्यांचं मनगट वळ उठेल इतकं घट्ट धरलं. वर गेल्यावर एक मुलगी पाणी घेऊन आली. तिला सासरे म्हणाले, "तुला भाऊ आहे का गं?"

"आहे ना, धाकटा."

"भांडता?"

"फोनवर रोज!" ती हसली. "का हो आजोबा?"

"काही नाही. भांडत जा," सासरे म्हणाले. मग त्यांनी रुमाल काढून डोळ्यांना लावला, आणि त्या मुलीपासून तो लपवला नाही. ती थोडा वेळ त्यांच्याजवळ उभी राहिली.

विमानतळावर आम्ही तिघं घ्यायला गेलो होतो. इतके दिवस फोनवर हुकूम सोडणारी आमची लेक आजोबांना प्रत्यक्ष बघून लाजली आणि आईच्या मागे दडली. ती त्यांच्या जवळ जायला संध्याकाळ झाली. सासऱ्यांना काही घाई नव्हती.