उभे, डावीकडून पहिला

शांती नगरमधल्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, दत्ताराम शिरवडकर एकटे राहतात. एकटे असले तरी घरात पाय ठेवायला जागा नाही. गादीखाली नकाशे आहेत, फ्रिजवर बिस्किटांच्या डब्यांत पोस्टकार्डं आहेत, आणि ज्या खोक्यांत बायकोच्या साड्या असायच्या त्यांत शंभर वर्षांपूर्वीच्या स्टेशन मास्तरांनी एकमेकांना लिहिलेली खरमरीत पत्रं आहेत. रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसात, आधी ट्रेसर आणि मग ड्राफ्ट्समन म्हणून, चौतीस वर्षं काढल्यावर माणसाला रेल्वेचा वीट यायला हवा. शिरवडकरांना तो आला नाही, आणि त्याचा त्रास बायकोने सोसला.

बायको, नीलिमा, चार वर्षांपूर्वी बंगळुरूला मुलीकडे गेल्या. क्षितिजाचं बाळ सांभाळायला, सहा महिन्यांसाठी. त्या सहा महिन्यांची चार वर्षं झाली. भांडण नाही, तंटा नाही. "तुम्हीपण या ना," असं त्या म्हणत, "एवढं सगळं घेऊन कुठे येऊ?" असं हे म्हणत, आणि मग दोघांनीही म्हणायचं सोडून दिलं. रोज सकाळी आठला फोन येतो. गोळी घेतली का, दूध आलं का, गॅस बंद केला का. चार मिनिटांत फोन संपतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या आठपर्यंत शिरवडकरांशी कुणी बोलेलच असं नाही.

यात थोडा दोष त्यांच्या स्वभावाचाही होता, तो लपवण्यात अर्थ नाही. चुकीची ओळ त्यांना बघवत नसे. जुने फोटो टाकणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी हौसेने 'भाईंदर स्टेशन, १९२०' असं लिहिलं की हे पाच मिनिटांत हजर: हे भाईंदर नाही, छपराच्या खांबांची नक्षी बघा, आणि वीसही नाही, विजेचे खांब दिसतायत. बरोबर तर बरोबर, पण लोकांना सकाळी सकाळी बरोबर असलेला माणूस नको असतो. दोन ग्रुपमधून त्यांना काढलं गेलं, एकातून ते स्वतः रागाने निघाले. खालच्या मजल्यावरच्या संचिताने एकदा आपल्या आजोबांचा गार्डच्या पोशाखातला फोटो मोठ्या प्रेमाने दाखवायला आणला. शिरवडकरांनी भिंग लावून सांगितलं की हा पोशाख गार्डचा नाही, तिकीट तपासनिसाचा आहे. ती पुन्हा आली नाही.

मग उरला रविवार. सगळा आठवडा त्या एका दिवसावर टांगलेला होता.

तीन वर्षांपूर्वी जुन्या बाजारात त्यांना एक पाकीट मिळालं होतं. त्यात काचेची एक निगेटिव्ह आणि एक पत्र. खाडीच्या पुलाची डागडुजी करणाऱ्या टोळीचा हा ग्रुप फोटो, सन १९३९, साहेबाची बदली झाली तेव्हा काढलेला. साहेब आणि दोन बाबू खुर्च्यांवर, मागे सात खलाशी, म्हणजे पुलावरचे कामकरी, उभे. अशा फोटोंत खुर्चीवरच्यांची नावं लिहायची आणि मागच्यांना 'इतर' म्हणून उडवून द्यायचं, अशी रीत. पण या पत्रात कुणा भल्या कारकुनाने मागच्या सातांचीही नावं लिहिली होती, गावासकट. 'उभे, डावीकडून: १. इनास पास्कू, मु. उत्तन.' शिरवडकरांनी काच मीरा रोडच्या स्टुडिओत नेली, समोर उभं राहून स्वतःच्या हाताने ती स्कॅनरवर ठेवली, आणि पोरांना तिला बोटसुद्धा लावू दिलं नाही.

ती प्रत घेऊन ते एका रविवारी उत्तनला गेले. चर्चमधून मिस्सा संपवून बाहेर येणाऱ्यांना विचारत सुटले. कुणाला काही माहीत नव्हतं. मग निळ्या लुगड्यातली एक म्हातारी थांबली, आणि म्हणाली, "इनास पास्कू? तो माजा बापूस."

आयडाबाईंनी बापाला पाहिलंच नव्हतं. त्या पोटात असताना पुलाच्या कामावर होडी उलटली आणि इनास गेला. घरात त्याचा एक फोटो नव्हता, एक कागद नव्हता. ऐंशी वर्षांहून जास्त काळ त्या एका चेहरा नसलेल्या माणसासाठी प्रार्थना करत होत्या. त्यांनी फोटो हातात घेतला. डावीकडून पहिला उभा होता तो विशीतला, बारीक मिशांचा, किंचित हसणारा तरुण. त्या तिथेच चर्चच्या पायरीवर बसल्या आणि रडल्या. मग शिरवडकरांना घरी नेऊन त्यांनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण वाढलं, आणि दुसऱ्या रविवारी परत यायला सांगितलं.

तेव्हापासून दर रविवारी भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस. शिरवडकरांनी त्या एका चेहऱ्याचा मोठा फोटो करून, फ्रेम करून आणला. तो येशूच्या तसबिरीशेजारी लागला, त्याच्यापुढे मेणबत्ती लागू लागली. नातू ॲशलीचं नाक अगदी पणजोबाचं आहे, हे सगळ्या वाड्याने ठरवून टाकलं. आयडाबाई त्यांना 'मास्तर' म्हणत. मी स्टेशन मास्तर कधीच नव्हतो, हे त्यांनी दोनदा सांगून पाहिलं, मग तिसऱ्यांदा सांगितलं नाही. तेवढी एकच चूक त्यांनी चालवून घेतली. ते जुनी पत्रं वाचून दाखवत आणि आयडाबाई कुठल्याच नकाशात नसलेल्या गोष्टी सांगत. आई उत्तनहून पुलापर्यंत डबा घेऊन चालत कशी जायची, भरती आली की कुठल्या बांधावर थांबायची. सून रेचल मधूनमधून चहा देऊन जाई. दुपारी तीनला निघताना आयडाबाई म्हणत, "ये रे मास्तर." आठवड्याला एवढं पुरत होतं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरतच्या एका संग्राहकाने त्यांना खाडीजवळच्या यार्डाच्या जुन्या नकाशाची प्रत पाठवली. शिरवडकर खूश झाले. त्या फोटोग्राफरने नेमका कुठे उभं राहून फोटो काढला ती जागा आता नकाशावर मांडता येणार होती. पण काही केल्या जमेना. नकाशात सिग्नलची केबिन डावीकडे, फोटोत उजवीकडे. शिरवडकरांनी सुरतला कडक शब्दांत ईमेल लिहिली, की आपला नकाशा चुकीचा आहे. ती पाठवली, चहा ठेवला, आणि सहज म्हणून फोटोवर पुन्हा भिंग धरलं. या वेळी चेहऱ्यांवर न धरता मागच्या सिग्नलवर धरलं.

आपल्याकडे गाडी डाव्या अंगाने धावते. म्हणून समोरून पाहिलं की सिग्नलचा हात, म्हणजे वरखाली होणारी पट्टी, खांबाच्या डावीकडे असतो. सिग्नलच्या हाताच्या पुढच्या बाजूला पांढरा पट्टा असतो, तो फोटोत स्वच्छ दिसत होता, म्हणजे तोंड आपल्याकडेच. आणि हात होता उजवीकडे.

चहा उतू गेला तरी ते उठले नाहीत. काच उलटी ठेवली गेली होती. ड्रॉइंग ऑफिसात पहिल्या दिवशी नव्या पोराला हेच शिकवायचे, ट्रेसिंगची सुलटी बाजू आधी बघ, नाहीतर अख्खा पूल उलटा छापला जाईल. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून असं एकदाही झालं नव्हतं. झालं ते निवृत्तीनंतर, एका हौसेच्या कामात. आणि तीन वर्षं ते त्या फोटोकडे रोज बघत होते, पण बघत होते फक्त माणसांकडे. इतके दिवस माणसंच बघायला मिळाली नव्हती.

फोटो उलटा, म्हणजे डावीकडचा पहिला उजवीकडे गेला. त्यांनी उजव्या टोकाला भिंग नेलं. तिथे उभ्या असलेल्या खलाशाने ऐन वेळी मान हलवली होती. अंगात सदरा होता, हात होते, खांदे होते. तोंडाच्या जागी नुसता पांढरट धूर होता. तो इनास पास्कू होता.

भिंतीवरचा हसरा तरुण म्हणजे यादीतला सातवा, गणू धाकू. बाकी सहांच्या पुढे गाव होतं. याच्यापुढे कारकुनाने काहीच लिहिलं नव्हतं.

सांगायचं की नाही? एरवी ग्रुपवर पाच मिनिटं न थांबणारा माणूस या वेळी दोन रविवार गप्प बसला. भाकरी खाल्ली, पत्र वाचलं, भिंतीकडे बघणं टाळलं. कदाचित पुढेही तो गप्पच बसला असता. पण तिसऱ्या रविवारी आयडाबाई आनंदाने म्हणाल्या, "मास्तर, दोन नोव्हेंबरला मेलेल्यांचा दिस हाय. ह्या वर्सी बापासाचा फोटो कबरीच्या क्रूसावर बसवायचा. ॲशली फुडच्या हप्त्यात, सोमवारी फ्रेम घेऊन जानार, चिनीमातीवर छापून देतात ना, तसा. पावसात पन जात न्हाय."

पुढचा आठवडा शिरवडकरांना नीट झोप नव्हती. सकाळी आठच्या फोनवर त्यांनी नीलिमाताईंना सगळं सांगितलं. चार वर्षांत पहिल्यांदाच फोन चार मिनिटांच्या वर गेला.

"अहो, कशाला सांगताय?" नीलिमाताई म्हणाल्या. "म्हातारी चौऱ्याऐंशी वर्षांची. तिला बाप मिळालाय. राहू दे ना."

"खाली नाव चुकतंय, नीलिमा. आता दगडावर चुकणार."

"तुमचं नेहमीचंच. आणि मग रविवारी कुठे जाणार तुम्ही?"

दूध आलंय, गॅस बंद आहे, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.

काच सुलटी ठेवून काढलेली नवी प्रत घेऊन ते रविवारी गेले. जेवायच्या आधीच सांगितलं, कारण जेवल्यावर सांगणं त्यांना चोरीसारखं वाटलं असतं. माझ्या हातून काच उलटी पडली, मावशी. चूक माझी. हा तुमचा बापूस नाही, तो हा.

आयडाबाईंनी नवी प्रत डोळ्यांजवळ नेली. टोकाच्या माणसावर बोट ठेवलं, मग बोट उचलून पुन्हा पाहिलं.

"ह्याला तर तोंडच न्हाय," त्या म्हणाल्या.

"मान हलली असणार. जरा हललं तरी असं व्हायचं तेव्हा."

"मंग तीन वर्सं मी कोनासमोर गुडघं टेकलं?"

"गणू धाकू. गाव लिहिलेलं नाही."

"त्याचा कोन हाय?"

"माहीत नाही. शोधायला काही धागाच नाही."

रेचल दारात येऊन उभी राहिली होती. स्वयंपाकघरात कालवण उकळत होतं, त्याचा वास येत होता. मग आयडाबाई भिंतीकडे न बघता म्हणाल्या, "रेचल, तो काढ. परका मानूस हाय. मास्तरला दे, घेऊन जाईल."

रेचलने स्टूल घेतलं, फ्रेम उतरवली, पदराने तिच्यावरचा मेणाचा डाग पुसला आणि शिरवडकरांच्या हातात दिली. भिंतीवर फिकट चौकोन राहिला. नवी प्रत मात्र आयडाबाईंनी परत केली नाही. ती मांडीवर पालथी घालून, तिच्यावर हात ठेवून त्या बसून राहिल्या.

"मावशी, मी..." शिरवडकर म्हणाले. पुढच्या रविवारी येऊ का, एवढंच विचारायचं होतं.

"तू खरा बोललास," आयडाबाई म्हणाल्या. "खरा बोलायलाच पायजे होता. पन आता तू दिसलास का मना तोच दिसनार. रेचल फोन करील तुला." ये रे मास्तर, असं त्या म्हणाल्या नाहीत. रेचलने जेवून जा म्हणून आग्रह केला, पण तिलाही ठाऊक होतं की ते थांबणार नाहीत.

बस अर्धी रिकामी होती. फ्रेम ठेवायला पिशवी नव्हती, कारण ती परत न्यावी लागेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मांडीवर उभी धरली तर चेहरा लोकांकडे, आडवी धरली तर बाजूच्याला लागणार. शेवटी उभीच धरली. डोंगरीचा थांबा मागे गेला. कुणाचा हा? पोराबाळांचा असेल, नसेल. कुणी याला शोधत आलं नाही, आणि कुणाला विचारायला जावं असं गावही नाही. तीन वर्षं दुसऱ्याच्या नावावर का होईना, मेणबत्ती लागत होती, तीही आज यांच्या खरेपणाने विझवली. आपण बरोबर वागलो हे शिरवडकरांना पक्कं माहीत होतं, आणि त्याचा त्या क्षणी काडीचा उपयोग नव्हता.

राईच्या थांब्यावर एक बाई चढली, भाजीची मोठी पिशवी घेऊन, आणि शेजारी बसली. जरा वेळ ती फ्रेमकडे बघत राहिली.

"अंकल, आपके पिताजी हैं क्या?" तिने विचारलं.

उत्तर जिभेवर तयार होतं. नाही, हा पुलाच्या टोळीतला खलाशी, सन एकोणचाळीस, उभे, डावीकडून सातवा, गणू धाकू, गाव अज्ञात. आयुष्यभर त्यांनी कुठल्याही फोटोखाली चुकीची ओळ राहू दिली नव्हती.

"हाँ," शिरवडकर म्हणाले. "मेरे ही हैं."

बाईने मान डोलावली, आणि फ्रेमला धक्का लागू नये म्हणून आपली पिशवी पलीकडे सरकवून घेतली.