चौदा सीवरचा प्रवासी

आमच्या कामावर मला 'उष्टेराव' म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. पण ते पाठीमागे म्हणजे हातभर अंतरावर, त्यामुळे ऐकू येतंच. नावात खोट काढायला जागाही नाही. विमानतळाला लागून एक मोठं स्वयंपाकघर आहे, तिथून विमानांत खाणं चढतं. तिथे मी एकोणीस वर्षं परत आलेले ट्रे उघडून बघतोय. कोणी काय खाल्लं, काय टाकलं, काय अर्धवट चावून परत ठेवलं, ते लिहायचं आणि वर कळवायचं. शितावरून भाताची परीक्षा सगळेच करतात, मी उरलेल्या शितावरून खाणाऱ्याची करतो, असं एकदा पाहुण्यांसमोर म्हणालो होतो. बायको आतून म्हणाली, "आधी स्वतःचं ताट उचलून ठेवा म्हणावं."

खोटं कशाला बोलू, मला त्या कामाचा गर्व होता. स्टीलचं लांब टेबल, वर पांढरी ट्यूब, बाजूला वजनकाटा, हातात रबरी मोजे. पास्ता जास्त परत यायला लागला की मी कागद वर पाठवायचो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी मेनू बदलायचा. सगळं स्वयंपाकघर माझ्याच शब्दावर हलतं अशी माझी समजूत होती. तो कागद कोणी वाचत होतं की त्यावर चहाचा कप ठेवत होतं, हे विचारायला मी कधी गेलो नाही.

मग विमान कंपनीने छोट्या फेऱ्यांवरचं फुकट खाणं बंद केलं. चहा, सँडविच, पाण्याची बाटली, सगळं विकत. आणि माझं टेबल ओस पडलं. फुकट होतं तेव्हा माणूस दोन घास खाऊन बाकीचं टाकायचा. पैसे मोजलेला माणूस डब्याच्या कोपऱ्यातला चुरासुद्धा बोटाने टिपून खातो. आणि जे विकत घेतच नाहीत, त्यांच्या वाटचे डबे सीलबंद परत येतात. सीलबंद डब्यावरून मी कोणाचा स्वभाव काय कप्पाळ सांगणार?

आमच्या मॅनेजरबाई माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. त्यांनी मला बोलावून घेतलं. "काका, हे टेबल कशाला ठेवलंय असं वरून विचारतायत. मी सांगितलंय की तुम्ही लोकांना ओळखता. आता लोक विकत का घेत नाहीत ते शोधून आणा. काहीतरी हाताला लागलं तर टेबल राहील. नाहीतर महिनाअखेरीस मला ते उचलावं लागेल."

टेबल उचललं म्हणजे मीही उचलला गेलो, हे सांगायची गरज नव्हती. निवृत्तीला चार वर्षं बाकी, मुलीचं कॉलेज अर्ध्यावर. या वयात दुसरीकडे गेलो तर अनुभव काय सांगणार, उष्टं चांगलं बघतो म्हणून?

बाईंनी युक्तीही सांगितली. त्यांचं म्हणणं, विमानात पहिला कोणी घेत नाही म्हणून कोणीच घेत नाही. एकाने घेतलं की शेजारच्याला भूक लागते. तर मी साधा प्रवासी बनून पन्नास मिनिटांच्या फेरीत बसायचं, गाडा आला की मोठ्याने सँडविच मागायचं, चवीने खायचं, आणि मग काय होतं ते बघून लिहायचं. तिकीट आणि सँडविचचे पैसे कंपनी देणार.

एकोणीस वर्षं विमानाचं अन्न हाताळलं, पण विमानात मी कधी बसलो नव्हतो. घरी तालीम केली. बायको चहाचा ट्रे घेऊन हॉलमधून यायची आणि मी म्हणायचो, "एक सँडविच द्या."

"आवाज काढा जरा," ती म्हणायची. "मिठाची गुळणी धरल्यासारखं काय पुटपुटता? आणि मागताना कर्ज मागतोय असं तोंड नका करू."

सकाळी निघताना तिने पिशवीत डबा सरकवला. उकडलेली अंडी, पाव, मीठमिरीची पुडी. मी म्हटलं, अगं, मी खायलाच चाललोय तिकडे. ती म्हणाली, "असू दे. विकतच्याचा काय भरवसा?" नवरा ज्या स्वयंपाकघरात काम करतो त्याबद्दल हे मत.

जागा चौदा सी, जाण्यायेण्याच्या वाटेला लागून. विमान वर गेलं आणि स्थिरावलं. मग पुढून गाडा निघाला. गाड्यामागे एक मुलगी, माझ्या लेकीच्याच वयाची, छातीवर नवशिकी असल्याचा बिल्ला. मी मान लांब करून बघत होतो. काय एकेक नमुने! एक गृहस्थ गाडा जवळ येताच झोपले, आणि गाडा पुढे गेला का ते बघायला एक डोळा किलकिला केला. एकाने चहाचा भाव विचारला आणि म्हणाला, "नाही, मला तसाही नकोच होता." एक आई मुलाला सांगत होती की उतरल्यावर घेऊ, आणि ते पोर म्हणत होतं, "मागच्या वेळीपण असंच म्हणालीस." एक आजोबा म्हणाले, "पाण्याचेही पैसे? उद्या हवेचे घ्याल." मुलगी हसली. हा विनोद तिने सकाळपासून चौथ्यांदा ऐकला असणार, पण ती पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसली. मुलगी हुशार होती. तिचा आवाज स्पष्ट होता, कोणालाही न टोचता विचारत होती. दोघातिघांचे हात खिशाकडे गेलेही होते. फक्त पहिला कोणीतरी हवा होता, आणि तो पहिला म्हणजे मी.

"एक सँडविच द्या," मी म्हणालो. आवाज छान लागला. पाच रांगा वळून बघायला लागल्या.

तिने हसून डबा पुढे केला आणि भाव सांगितला. मला भाव माहीत नव्हता असं नाही. कागदावर शंभरदा वाचला होता. पण कागदावर वाचणं वेगळं आणि आपल्याकडे कोणीतरी मागणं वेगळं. माझ्या तोंडून निघून गेलं, "एवढे? अहो, काकडीच्या तीन चकत्या आणि चीजचा अर्धा तुकडा असतो यात."

जिभेला हाड नाही म्हणतात ते उगाच नाही. मी तिथेच थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण शेजारच्या बाईंनी विचारलं, "तुम्हाला हो कसं माहीत?" आणि घात झाला. एकोणीस वर्षांत माझ्या कामाबद्दल मला कोणी म्हणजे कोणी काही विचारलं नव्हतं. बायकोनेही नाही. मी सुरूच झालो. पाव पहाटे चार वाजता कापतात म्हणालो. लोणी कडेपर्यंत का लावत नाहीत ते सांगितलं. केकवरचे बेदाणे लोक वेचून टाकायचे, ते माझ्या कागदामुळे बंद झाले, हेही सांगून टाकलं. मागच्या रांगेतले उठून ऐकायला लागले. मी असा रंगात आलो की समोर गाडा थांबलाय, ती मुलगी डबा धरून उभी आहे, हे विसरूनच गेलो. बघतो तर ज्यांचे हात खिशात गेले होते ते रिकामेच बाहेर आले होते.

मग सारवासारव करायला गेलो. "पण चवीला बरं असतं हं," म्हणालो. लोक हसले. मलाही ते सँडविच घ्यायचा धीर होईना. आता घेतलं तर मूर्ख ठरणार. मुलीला म्हटलं, "राहू दे, माझ्याकडे डबा आहे," आणि ते खरं करून दाखवायला पिशवीतून डबा काढून उघडला. अंड्यांचा वास विमानात किती लांब जातो ते तेव्हा कळलं.

शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, "घरचं खाल्लेलं चालतं इथे?"

"चालतं की," मी म्हणालो, जसं काही विमान माझं. त्यांनी तडक आपला डबा काढला. पलीकडच्या माणसाने काढला. झोपलेले गृहस्थ जागे झाले, त्यांच्याकडे तर दोन डबे होते. पाच मिनिटांत अख्ख्या विमानात झाकणांचे आवाज. सगळ्यांनी आणलं होतं हो, नुसते लाजत होते. बाईंनी मला घरचा केक दिला, मी त्यांना अंडं दिलं. आणि सांगायला लाज वाटते, पण मला फार आनंद झाला. इतकी वर्षं मी माणसांनी टाकलेलं बघत होतो, खाणारी माणसं कधी बघितली नव्हती. त्या आईने पोराच्या तोंडात घास घातला तेव्हा माझे डोळे भरून आले. काय तो बावळटपणा.

त्या भरात अख्खं अंडं तोंडात टाकलं आणि ते घशात अडकलं. ठसका लागला, डोळे पांढरे व्हायची वेळ. ती मुलगी धावत आली, पाठ चोळली आणि पाण्याचा पेला पुढे केला. मी खुणेनेच विचारलं, पैसे? ती म्हणाली, "माझ्या बाटलीतलं आहे काका, प्या." मग तिने अंड्याची टरफलंही गोळा करून नेली. तिचा गाडा भरलेला मागे गेला.

त्या संध्याकाळी घरी बसून मी अहवाल लिहिला. भावाचा कागद बारीक अक्षरात आहे, असं पहिलं कारण. पन्नास मिनिटांत लोकांना भूक लागत नाही, हे दुसरं. दोन्ही वाचून माझं मलाच पटेना, टेबल काही वाचेना. मग तिसरं सुचलं: विकणाऱ्या मुलीचा आवाज मागे पोहोचत नव्हता, शिकवणी वाढवावी, आणि मी दर आठवड्याला एका फेरीत बसून देखरेख करीन. हे फक्कड जमलं. यात मला चार वर्षांचं काम होतं. चौदा सीबद्दल एक ओळ नाही. बायको म्हणाली, "काय एवढं लिहिताय?" मी म्हणालो, "ऑफिसचं."

सकाळी त्या फेरीचा गाडा माझ्या टेबलाशी आला. सगळं सीलबंद. परत आलेल्या मालाबरोबर एक चिठ्ठी येते, माल का उरला त्याची. नवीन मुलींच्या अशा तीन चिठ्ठ्या झाल्या की त्यांना घरी पाठवतात, हे आमच्याकडे भांडी घासणाऱ्यांनाही माहीत आहे. चिठ्ठीच्या कोपऱ्यात तीनचा आकडा होता. कारणाच्या रकान्यात तिने गोल अक्षरात लिहिलं होतं, 'विकताना माझं कमी पडलं.'

मी माझा अहवाल तिच्या चिठ्ठीशेजारी ठेवला. दोन्ही कागद एकमेकांशी तंतोतंत जुळत होते. तिने भल्या मनाने लिहिलं होतं आणि मी हलकटपणाने, पण वाचणाऱ्याला काय कळणार? उलट दोन साक्षीदार मिळाले म्हणून वर खूश झाले असते. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती, आणि मी रोज काय काय हाताळतो ते तुम्हाला सांगितलंच आहे.

अहवाल फाडला आणि उभ्या उभ्या दुसरा लिहिला. सहा ओळींचा.

तो आणि मुलीची चिठ्ठी मॅनेजरबाईंपुढे ठेवली. त्यांनी अहवाल दोनदा वाचला. "काका, हा चौदा सीवरचा प्रवासी कोण? भाव ऐकून ओरडला, भाषण दिलं, डबा उघडला, त्याच्यामुळे सगळ्यांनी उघडले. याचं नाव नाही लिहिलंत?"

"मीच तो," मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. हसू आवरत होत्या की राग, ते मला ओळखता आलं नाही. समोर ट्रे असता तर सांगितलं असतं.

"तुम्हाला मी लोकांना घ्यायला लावायला पाठवलं होतं."

"हो."

"हे वर गेलं की टेबल जाणार. माझ्या हातात काही राहणार नाही. मुलीचंच कारण चाललं असतं."

"तेच लिहिलं होतं आधी," मी म्हणालो. का म्हणालो कोण जाणे. न सांगता चाललं असतं.

बाईंनी ड्रॉवरमधून पेन काढलं, त्या मुलीच्या चिठ्ठीवरची ओळ खोडली, कोपऱ्यातला तीनचा आकडाही खोडला आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. "खरं कारण इथे लिहा. खाली नाव, सही आणि हुद्दा."

मी कारण लिहिलं. नाव लिहिलं, सही केली. हुद्द्यापाशी येऊन पेन थांबलं.

"महिनाअखेरीपर्यंत आहे काका," बाई म्हणाल्या. "लिहा."